सगादा: साडेअकरा हजार वस्तीचं डोंगरी गाव नक्की जगतं कशावर?

पायपीट:
नमस्कार मंडळी,

यंदा फिलिपिन्सला जाऊन आलो. २०२५ पासून भारतीय पर्यटकांना तिथे १४ दिवस व्हिसा लागत नाही, हे कळल्यापासून डोक्यात होतं. समुद्रकिनारा एकही बघितला नाही, त्यामुळे बोराकायबद्दल कृपया विचारू नये.

लुझोन बेटाच्या उत्तरेला कॉर्डिलेरा नावाची डोंगररांग आहे. तिच्यात माउंटन प्रोव्हिन्स नावाचा प्रांत, त्याचं मुख्य गाव बोंतोक आणि बोंतोकपासून जीपनीने (तिकडची जीपसारखी छोटी बस) पाऊण तासावर सगादा. उंची साधारण १५०० मीटर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा थोडं वरच. १९ बारांगाय मिळून वस्ती साडेअकरा हजारांच्या आसपास. (बारांगाय म्हणजे आपली वाडी आणि ग्रामपंचायत यांच्या मधलं काहीतरी.) सरकारदरबारी याला 'म्युनिसिपालिटी' म्हणतात. आपल्याला तो शब्द ऐकला की नळकोंडाळं, तुंबलेलं गटार आणि अतिक्रमण हटाव पथक आठवतं. इथे पाइनचं रान, चुनखडीचे पांढरे कडे आणि भाताची खाचरं.

गाव प्रसिद्ध आहे ते कड्याला टांगलेल्या शवपेट्यांमुळे. त्यावर इंटरनेटवर ढिगाने मजकूर आहे, म्हणून मी लिहीत नाही. माझा प्रश्न वेगळाच आहे.

चार रात्री एका बाईंच्या लॉजवर राहिलो. सगळे त्यांना मनांग म्हणायचे, मीही म्हणायला लागलो. (इलोकानो भाषेत मनांग म्हणजे ताई.) तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर कोणी शेतावर गेलंच नव्हतं. उबाया होता, म्हणजे गावाने पाळायचा सुट्टीचा दिवस. मनांग ओट्यावर सुपासारख्या टोपलीत राजमा निवडत बसल्या होत्या. मी बाजूला टेकलो आणि विचारलं, "एवढे पर्यटक येतात, मग मनिलाचा एखादा शेठ येऊन इथे मोठं हॉटेल का नाही बांधत?"

त्यांनी मान वर न करता विचारलं, "त्याला जमीन कोण देणार?"

"चांगला भाव दिला तर?"

"मग सगळ्या चुलत भावंडांना विचारावं लागेल. त्यातली निम्मी बागियो शहरात, दोघं कॅनडात, आणि एक माझ्याशी बोलत नाही."

तर प्रश्न असा. दरडोई जमीन इतकीशी, भाताचं पीक वर्षातून एकदा, कारखाना नाही, बाहेरचं भांडवल नाही. घरं मात्र नीटनेटकी, पोरं शिकलेली, इंग्रजी माझ्यापेक्षा बरी. हे गाव जगतं कशावर? आणि या टोकाला ही माणसं मुळात आली कुठून? गाइडने दोन गोष्टी सांगितल्या, त्या कोणी विचारलं तर लिहीन.

लालडबा:
माउंटन प्रोव्हिन्स! म्हणजे 'डोंगर जिल्हा'. नाव ठेवताना साहेबाला जेवायची घाई झाली असणार.

बसबद्दल सविस्तर लिहा. बाकीचं नंतर.

पायपीट:
लालडबा, तुमच्यासाठी खास. बागियोहून सगादा साधारण सहा तास, हाल्सेमा हायवेने. अमेरिकन काळात हाल्सेमा नावाचा इंजिनियर बागियोचा महापौर होता, त्याच्या नावाने हा रस्ता. अतोक गावापाशी ७४०० फुटांवर 'देशातला सर्वांत उंच हमरस्ता' अशी पाटी आहे. हा मान आता इफुगाव प्रांतातल्या दुसऱ्या रस्त्याकडे गेलाय, पण पाटी आहे आणि लोक उतरून फोटोही काढतात. ड्रायव्हर एका हाताने वळण घेतो आणि दुसऱ्या हाताने शेंगदाणे खातो. समोरून येणारा प्रत्येक ट्रक कोबीने भरलेला. माझ्या शेजारच्या आजोबांच्या मांडीवर खोका, खोक्यात कोंबडा. सहा तासांत कोंबडा एकदाच बोलला, तेही ड्रायव्हरने हॉर्न दिल्यावर.

लालडबा:
धन्यवाद. आमच्या वरंधा घाटाची आठवण झाली. कोंबड्यासकट.

दर्यावर्दी:
२२ वर्षं बोटीवर आहे, निम्मा क्रू कायम पिनॉय, म्हणजे फिलिपिनो. त्यामुळे चार शब्द.

आमच्याकडे एक फिटर होता, माउंटन प्रोव्हिन्सचाच, बेसावचा. बेसाव म्हणजे सगादाच्या शेजारचं गाव. बाकीचे फिलिपिनो त्याला चिडवायचे, "इगोरोत, शेपटी कुठे ठेवलीस?" मैदानी लोकांत हा खरंच जुना गैरसमज आहे, डोंगरातल्यांना शेपूट असते म्हणे. तो शांतपणे म्हणायचा, "इंजिनात अडकली, म्हणून तर तुमची बोट चालते." इगोरोत म्हणजे डोंगरातला माणूस. काहींना हा शब्द शिवीसारखा लागतो, हा अभिमानाने सांगायचा. त्याचं म्हणणं होतं की स्पॅनिश लोक तीनशे वर्षं राज्य करत होते, पण आमच्या डोंगरात त्यांचं धड चाललं नाही, हीच आमची जात.

पगार झाला की पहिला फोन घरी. पैसे कशाला पाठवले याचा हिशोब तो मला ऐकवायचा. बहिणीची नर्सिंगची फी, घराचे पत्रे, मग पुन्हा बहिणीची फी. शेतीसाठी एक पेसो पाठवल्याचं मला आठवत नाही. पायपीट, तुमचं उत्तर यातच कुठेतरी आहे.

अवांतर: तुम्ही मुंबईचे असं तिथे सांगितलंत का? मग काय झालं?

पायपीट:
झालं ना! बोंतोकच्या बाजारात एका बाईने विचारलं, कुठले? म्हटलं इंडिया, मुंबई. ती ओरडली, "आह, बुंबाय! फाइव्ह-सिक्स!" आणि आजूबाजूच्या चार टोपलीवाल्या खोखो हसायला लागल्या. मला घंटा काही कळेना.

दर्यावर्दी:
हाहा. तिकडे भारतीय माणूस म्हणजे बुंबाय, मग तो जालंधरचा का असेना. आणि असतो बहुतेक जालंधरकडचाच. पंजाबी मंडळी मोटरसायकलवरून दारोदार फिरून बाजारातल्या बायकांना कर्ज देतात. पाच घ्या, सहा परत करा, वसुली रोजच्या रोज. म्हणून फाइव्ह-सिक्स. तुम्ही वसुलीला आलात असं वाटलं असेल.

निवांत:
म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या मुंबईकराला मुंबईकर म्हटलं आणि तेही सावकार समजून!

तिरकस:
चार रात्री लॉजवर राहून गावाचं अर्थशास्त्र मांडणारे धागे इथे दर महिन्याला येतात. मागच्या महिन्यात भूतान होतं.

दर्यावर्दींनी उत्तर दिलंच आहे. मनीऑर्डर. कोकण जगलं तसंच. गिरणीतून पैसे यायचे आणि गावात गणपती व्हायचे. आता गिरणीऐवजी कॅनडा. नीटनेटकी घरं बघून भारावून जाऊ नका, त्या घरांत म्हातारी माणसं आणि पर्यटक सोडून कोण राहतं ते मोजा.

वाफसा:
तिरकस, मोजणी नंतर करू. आधी खाचरं बघू.

मी भातशास्त्राचा माणूस. नोकरीत असताना लॉस बान्योसला आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत प्रशिक्षणाला गेलो होतो, तेव्हा शनिवार-रविवार जोडून सगादा केलं होतं. शवपेट्या न बघता परत आलेला बहुधा मी एकटाच.

तिथली खाचरं दगडी बांधाची आहेत. युनेस्कोने १९९५ मध्ये यादीत घेतली ती शेजारच्या इफुगावमधली, सगादाची नाहीत, पण कारागिरी त्याच घराण्यातली. मी गेलो तेव्हा एक बाई गुडघाभर चिखलात उभी राहून पाला तुडवत होती. जवळ जाऊन बघितलं तर मेक्सिकन सूर्यफुलाचा, म्हणजे टिथोनियाचा. डोंगरउतारावर हे माजलेलं असतं. ते कापून आणायचं, पायांनी चिखलात दाबायचं, कुजू द्यायचं. डुकरांचं खत वेगळं. डुकराचा गोठा म्हणजे दगडाने बांधलेला खोल खड्डा, त्यात पेंढा, गवत टाकत राहायचं आणि वर्षभराने उपसायचं. तिने माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "तुमच्याकडे पाय वापरतात की बैल?"

लावणी थंडी संपताना, कापणी जुलैच्या आसपास, आणि बस्स. एकच पीक. तो भात घराला वर्षभर पुरतच नाही. पूर्वी रताळ्यावर भागायचं, आता सखल भागातला तांदूळ विकत घेतात. म्हणजे ज्या खाचराने पोट भरत नाही त्याच्या बांधाचे दगड ही माणसं दरवर्षी पुन्हा रचतात. रोख पैसा येतो तो कोबी, गाजर, घेवडा यातून, म्हणजे ट्रकमधून. त्यात रासायनिक खतं, औषधं, दलाल, सगळं आलं. भाव पडला की कोबी शेतातच सडतो, हे सांगायला मला फिलिपिन्सला जायची गरज नव्हती.

जुन्नरी:
वाफसा सर, दगड रचायला माणसं कुठून येतात? मजुरी देऊन?

वाफसा:
मजुरीनेही, पण जुनी पद्धत म्हणजे उब-उब्बो. आज दहा जण तुझ्या शेतावर, उद्या तेच दहा जण माझ्या. पैसे नाहीत, हिशोब दिवसांचा.

जुन्नरी:
मग ही आमची पडकई झाली की! आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात महादेव कोळी समाजात भाताची खाचरं अशीच पडत आली. गावाने मिळून एकाचं खाचर पाडायचं, मग दुसऱ्याचं. पुढे सरकारने पडकई नावाची योजनाही काढली. आमच्या आजोबांचं अर्धं शेत पडकईचं आहे.

निवांत:
याला इर्जिक म्हणतात ना?

जुन्नरी:
नाही हो. इर्जिक म्हणजे बोलावणं करायचं, सगळ्यांनी येऊन एका दिवसात काम उरकायचं आणि मालकाने जेवण घालायचं. फेड ठरलेली नसते. दिवसाला दिवस फेडायचा ती सावड.

चकलीताई:
आमच्या मराठवाड्यात वारंगुळा म्हणायचे.

तिरकस:
वारंगुळा बैलांचा.

चकलीताई:
माणसांचाही. माझ्या वडिलांनी केलाय, तुम्ही पाहिलाय का?

लालडबा:
धागा फिलिपिन्सहून थेट बांधावर आलेला आहे. कृपया आपापले बैल बाजूला घ्यावेत.

खडू_फळा:
इतिहासाचा निवृत्त शिक्षक असल्यामुळे 'कुठून आली' या प्रश्नावर लिहितो. थोडं लांबेल.

पायपीट यांना गाइडने सांगितलेल्या दोन गोष्टी कोणत्या असतील याचा अंदाज आहे. पहिली बियागची. अब्रा प्रांताच्या पूर्वेकडच्या बिका नावाच्या वस्तीवर मुंडकी मारणाऱ्या टोळ्यांचे हल्ले व्हायला लागले, म्हणून बियाग भावंडांसह निघाला, वाटेत भावंडं एकेक करून वेगवेगळ्या ठिकाणी वसली आणि तो इथे स्थिरावला. दुसरी टोपलीची. स्पॅनिश शिपायांना दानुम तळ्यापाशी मासे धरणारा माणूस भेटला. त्यांनी विचारलं, या गावाचं नाव काय? त्याला वाटलं हातातल्या बांबूच्या टोपलीबद्दल विचारतायत. तो म्हणाला, सगादा.

पहिलीत मला तथ्य दिसतं. हल्ले आणि पाणी या दोन कारणांनी डोंगरात वस्त्या हलतच असत, आणि अशी कथा घराण्यांच्या वंशावळीला बांधलेली असते. दुसरी मात्र जगभर फिरणारी गोष्ट आहे. साहेब एक विचारतो, गावकरी दुसरंच सांगतो, नकाशावर तिसरंच छापलं जातं. अशी गोष्ट ऐकली की मी खडू खाली ठेवतो.

यात गंमत अशी की बनावट इतिहास पकडण्यात ज्याची हयात गेली तो माणूस सगादातच पुरलेला आहे. विल्यम हेन्री स्कॉट, अमेरिकन, तिथल्या मिशनच्या शाळेत शिक्षक होता. 'कलांतियावची संहिता' नावाचा १४३३ सालचा म्हणून मिरवला जाणारा कायदा फिलिपिन्समध्ये शाळेत शिकवला जायचा. स्कॉटने १९६८ च्या आपल्या प्रबंधात दाखवून दिलं की ही विसाव्या शतकातली बनावट आहे. १९७२ मध्ये मार्शल लॉ आला तेव्हा याला अटक झाली, पुढे निर्दोष सुटला. १९९३ मध्ये वारला. शाळामास्तर म्हणून मला हा माणूस फार जवळचा वाटतो.

आता पोरांच्या इंग्रजीबद्दल. स्पॅनिश मिशन इथे पोचलं तेच १८८२ मध्ये, म्हणजे त्यांचं राज्य संपायला सोळा वर्षं उरली असताना. मग अमेरिकन आले. १९०४ मध्ये जॉन स्टाँटन नावाचा एपिस्कोपल (म्हणजे अमेरिकेतल्या अँग्लिकन पंथाचा) पाद्री आला आणि त्याने देवळाबरोबर लाकूड कापायची गिरणी, दगडाची खाण, शाळा असं सगळंच उभं केलं. त्यामुळे कॅथलिक देशात हे एक अँग्लिकन गाव. स्टाँटन स्वतः मात्र पुढे कॅथलिक झाला, तो भाग वेगळा. शिक्षक, परिचारिका, कारकून ही या गावाची शंभर वर्षांची निर्यात आहे. म्हणजे दर्यावर्दींच्या फिटरने बहिणीच्या फीसाठी पाठवलेला पैसा ही नवी गोष्ट नाही. तिथे शाळा हेच मोठं पीक आहे.

एदुआर्दो मास्फेरे हा फिलिपिन्समधला नामांकित छायाचित्रकारही सगादात जन्मला, १९०९ साली. बाप स्पॅनिश शिपाई, तिथेच राहिलेला.

निवांत:
"शाळा हेच मोठं पीक." खडू सर, टाळ्या.

तिरकस:
टाळ्या थांबवा. पीक आहे ना, मग ते विकलं कुठे जातं? बागियोत, मनिलात, दुबईत, कॅनडात. गावात नाही. माझा मुद्दा पक्का झाला.

रेवा_दुबई:
दुबईतून बोलतेय. माझ्या क्लिनिकमध्ये एक सिस्टर आहे, बोंतोकची. तिला हा धागा वाचून दाखवला (भाषांतर करत, दमले). ती दोन गोष्टी म्हणाली. एक, 'सगादाचे लोक स्वतःला फार शहाणे समजतात' असं लिही. दोन, तिकडे जाणाऱ्यांनी १ नोव्हेंबरला जावं. संध्याकाळी सगळं गाव दफनभूमीत जातं आणि प्रत्येक थडग्यापाशी सालेंग पेटवतात, म्हणजे राळ भरलेलं पाइनचं लाकूड. मेणबत्त्या नाहीत, शेकोट्या. अख्खी टेकडी धुराने भरते. पनाग-अपोय म्हणतात. आमची सिस्टर सुट्टी टाकते ती ख्रिसमसला नाही, त्या आठवड्यात.

चकलीताई:
माझी मुलगी दावावला एमबीबीएसला आहे, तिच्या वर्गात लातूर, नांदेड, बीडची कितीतरी पोरं. तिला म्हटलं सगादाला जाऊन ये, तर म्हणाली, आई, ते दुसऱ्या टोकाला आहे, विमान आणि मग दोन बसा. तुम्ही लोक देश फार लहान समजता.

तिथे जेवणाचं काय? मुलगी तर वरणभातासाठी रडते.

पायपीट:
चकलीताई, जेवणाचं ऐकायचंय? एताग म्हणजे मीठ लावून आठवडेच्या आठवडे वाळवलेलं, धुरावलेलं डुकराचं मांस. वास तुम्हाला दारातच गाठतो. ते टाकून केलेलं कोंबडीचं सार मी प्यायलो आणि सुकट खाणाऱ्या कोकणी माणसाला त्यात नवल वाटायचं कारण नाही. शाकाहाऱ्यांना डोंगरातला लाल भात, राजमा, भाज्या. आणि तूर आहे हो! इलोकानोत कार्दिस म्हणतात. पण तिची आमटी करत नाहीत, डुकराबरोबर शिजवतात.

चकलीताई:
तुरीचं हे ऐकवलं नसतंत तर बरं झालं असतं.

तिरकस:
मूळ मुद्द्यावर येऊ. पायपीट जमिनीबद्दल भारावून लिहितात. फिलिपिन्समध्ये १९९७ चा आदिवासी हक्कांचा कायदा आहे, त्याने वडिलोपार्जित जमीन समाजाबाहेर जात नाही. छान. आपल्याकडेही महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६अ आहे. तरी ठाणे-पालघरला फार्महाऊस कसे उभे राहिले ते सगळ्यांना माहीत आहे. कायद्याने जमीन वाचत नाही.

आणि वाचली तर? ज्या जमिनीचा पक्का कागद नाही तिच्यावर बँक कर्ज देत नाही. मग तुमच्या मनांगला छप्पर घालायला पैसे कोण देणार? कॅनडातला भाऊ, नाहीतर फाइव्ह-सिक्सवाला सरदारजी. न विकता येणारी जमीन म्हणजे कुलूप लावलेली तिजोरी, आणि किल्ली चुलत भावंडांत वाटलेली.

वाफसा:
हे खरं आहे, आणि याची दुसरी बाजूही खरी आहे. तिथे गावाभोवतीचं पाइनचं रान बातांगान म्हणून कुटुंबांच्या, कुळांच्या ताब्यात असतं. नातेवाइकांनी घरासाठी, सरपणासाठी झाड मागावं, राखणाऱ्याने कुठलं तोडायचं ते दाखवावं. कागद नाही, पण रान आहे. याच प्रांताच्या दक्षिणेला बेंगेतमध्ये जंगल कापून कोबी वरपर्यंत चढलेला मी बघितला. सगादात पाइन टिकला. का टिकला याचं उत्तर मला तरी कायद्यात सापडलं नाही. राखणारा रोज त्याच वाटेने जातो, एवढंच दिसलं.

खडू_फळा:
तिरकस, कायद्याने वाचत नाही हे मान्य. पण भांडून वाचते. सत्तरच्या दशकात याच भागातल्या चिको नदीवर जागतिक बँकेच्या पैशाने धरणं बांधायचं ठरलं होतं. बोंतोक आणि कालिंगा लोकांनी विरोध केला. त्यांचा एक म्होरक्या, माक्लिइंग दुलाग, याला २४ एप्रिल १९८० रोजी सैनिकांनी गोळ्या घातल्या. प्रकल्प गुंडाळावा लागला. मुळशीला आपण १९२१ मध्ये सत्याग्रह केला आणि धरण झालंच, म्हणून हे वाचताना मला जरा जास्त लागतं.

त्यानंतर १९८८-८९ च्या सुमारास सैन्य आणि बंडखोर यांच्या गोळीबारात सगादाची मुलं मेली, तेव्हा गावाने दोघांनाही सांगितलं, तुम्ही दोघं बाहेर जा, हे शांतिक्षेत्र आहे. असं सांगायला गावात बसायची जागा लागते. तिथे तिला दाप-आय म्हणतात. दगडी फरसबंदीचा गोल, मधे शेकोटी, भोवती म्हातारे. उबाया कधी पाळायचा तेही तिथेच ठरतं.

निवांत:
म्हणजे पार.

खडू_फळा:
पार, पण पत्ते न खेळता.

पायपीट:
सगळ्यांचे आभार. तिरकस, तुम्ही म्हणालात ते मी मनावर घेतलं. चार रात्रींत अर्थशास्त्र कळत नाही. म्हणून मनांगलाच मेसेंजरवर विचारलं, सरळ. "तुमचं घर कशावर चालतं?" दोन दिवस उत्तर नाही. वाटलं, चिडल्या. मग काल रात्री मोठा निरोप आला. इंग्रजीतून होता, जमेल तसा सांगतो.

भात: चार महिन्यांपुरता घरचा, बाकी विकत. पण घरचा भात सण, लग्न, मयत यासाठी राखून ठेवतात, रोजच्या जेवणात पोत्यातला.

घेवडा आणि कोबी: "कोबी लॉटरीसारखा, म्हणून मी आता घेवडाच लावते."

लॉज: ख्रिसमस ते मे बरा, पावसाळ्यात रिकामा. मार्च २०२० मध्ये गाव बंद झालं तेव्हा लॉजचं उत्पन्न शून्यावर आलं. पुतण्या गाइड आहे, लुमियांग-सुमागिंगच्या गुहेत लोकांना नेतो. तोही त्या काळात रताळी लावायला लागला. "त्याला कुदळ धरता येत नव्हती. आता येते. आता पर्यटक आले आणि पुन्हा विसरला."

भावाचे पैसे: कॅनडातून दर महिन्याला नाही, मागितले तर. पत्रे, दातांचा डॉक्टर, धाकटीचं कॉलेज.

एताग: विकत नाही. "विकायला लागले तर माझ्या घरी कोण येईल?" याचा अर्थ मला नीट कळला नाही.

शेवटी लिहिलं होतं, "तू विचारलंस म्हणून पहिल्यांदा बेरीज केली. बेरीज जुळत नाही. तरी चाललंय."

दर्यावर्दी:
त्या घरी मयत झालं की एताग वाटायला लागतो. म्हणून विकत नसतील. आमचा फिटर म्हणायचा, ज्याच्या माळ्यावर एताग नाही त्याच्याकडे पाहुणा थांबत नाही.

तिरकस:
"बेरीज जुळत नाही, तरी चाललंय" हे आमच्या आईच्या डायरीतही निघेल. ठीक आहे, हा धागा भूतानपेक्षा बरा निघाला. मनीऑर्डरचा मुद्दा मी सोडलेला नाही, पण 'मागितले तर' हे मला माहीत नव्हतं.

रेवा_दुबई:
सिस्टर विचारतेय, तो न बोलणारा चुलत भाऊ कोण? तिला वाटतंय ओळखीचा निघेल.

पायपीट:
रेवाताई, ते विचारायची हिंमत नाही!

निघताना मनांगने मूठभर राजमा रुमालात बांधून दिला, तीन रंगांचा. काळा, गडद लाल आणि एक ठिपक्याठिपक्यांचा. गच्चीत कुंडीत लावावा म्हणतोय. वाफसा सर, आमच्या पुण्याच्या हवेत येईल का?

वाफसा:
अजिबात लावू नका! परदेशातलं बी असं खिशातून आणायचं नसतं, क्वारंटाइनचे नियम असतात. त्याबरोबर कुठला रोग, कुठली कीड आली तर कुंडीत थांबणार नाही. विमानतळावर सांगितलंत का?

पायपीट:
नाही सांगितलं. चूक झाली, लक्षातच आलं नाही.

वाफसा:
मग शिजवून खा. आजच.

चकलीताई:
आणि गोडा मसाला घाला. डुक्कर नको.

पायपीट:
केली आमटी. रात्रभर भिजवला होता, तरी कुकरच्या सात शिट्ट्या लागल्या, डोंगरातलाच तो. ठिपक्यांचा मात्र शिजल्यावर ठिपके गेले, सगळा तपकिरी झाला. मनांगला फोटो पाठवला. उत्तर आलं, "मांस कुठे आहे?"